उभ्याने चालवायची विजेची गाडी

सोलापूर म्हटले की चादर आठवते आणि चादर म्हटले की यंत्रमाग. १८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली. त्या जुन्या मोठ्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. परंतु अक्कलकोट रस्त्यावरच्या आणि चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींत आजही लहानमोठे कारखाने चालू आहेत. अशा कारखान्यात एक काम सतत चालते, ते म्हणजे माल इकडून तिकडे नेण्याचे. सुताचे कोन, ताण्याचे जड बीम, टॉवेलांचे गठ्ठे, हे सारे कोणीतरी ओढावे लागते. पुष्कळ ठिकाणी हे काम हातगाडीवर होते. काही ठिकाणी मात्र एक छोटी तीनचाकी किंवा चारचाकी गाडी दिसते. तिला बसायची जागा नसते. चालक एका लहान फळीवर उभा राहतो आणि हातातील दांड्याने गाडी वळवतो. तिचा आवाज नाही, धूर नाही. कामगार तिला सरळ 'बॅटरी गाडी' म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. शिसे-आम्ल विद्युतघट फ्रान्समधील गास्ताँ प्लान्ते याने १८५९ साली तयार केला. १९०६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया रेल्वेने आल्टूना येथे प्रवाशांचे सामान वाहण्यासाठी बॅटरीवर चालणारी गाडी वापरली. आपल्याकडे गोदरेज, जोस्ट यांसारख्या मुंबईच्या कंपन्या मालवाहतुकीची विजेवर चालणारी वाहने अनेक दशके बनवत आल्या आहेत.

अण्णांची गाडी

माझा एक जुना विद्यार्थी सोलापूरजवळच्या एका टॉवेल कारखान्यात देखभाल खाते पाहतो. एके दिवशी तो घरी आला आणि म्हणाला, "सर, आमची बॅटरी गाडी बघायला याल का? दीड वर्षात बॅटरी गेली असं सगळे म्हणतात. मालक म्हणतात, नवी बॅटरी परवडत नाही, पुन्हा हातगाडी काढा."

मी गेलो. गाडी चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे. त्यांना सारे 'अण्णा' म्हणत. वीस-पंचवीस वर्षे हातगाडी ओढून त्यांची कंबर धरली होती. बॅटरी गाडी आल्यापासून ते प्रथमच पाठ न दुखता घरी जात होते. आता गाडी सकाळी आठला निघाली की अकराच्या सुमारास रेंगाळू लागे. म्हणजे प्रश्न केवळ एका यंत्राचा नव्हता, अण्णांच्या कमरेचाही होता. हे कोडे कसे सुटले ते शेवटी सांगेन. त्याआधी गाडीमागचे विज्ञान समजून घेऊ.

बॅटरीत काय घडते?

या गाडीत साधारणपणे २ व्होल्टचे १२ घट एकसरीत जोडलेले असतात. एकूण विद्युतदाब २४ व्होल्ट. प्रत्येक घटात दोन प्रकारच्या पट्ट्या असतात. धन पट्टीवर लेड डायऑक्साइड असते, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे. दोन्ही पट्ट्या विरल गंधकाम्लात बुडालेल्या असतात. घटातून प्रवाह घेतला की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. त्यासाठी आम्ल खर्च होते आणि पाणी बनते. म्हणून घट जसजसा रिकामा होतो तसतसे द्रावण पातळ होत जाते. प्रभारण करताना हीच क्रिया उलट दिशेने होते.

यातून एक सोयीची गोष्ट निघते. द्रावणाची घनता मोजली की घटात किती वीज शिल्लक आहे ते कळते. पूर्ण भरलेल्या घटात द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२८० असते, पुष्कळसा रिकामा झाल्यावर ते १.१५० च्या आसपास येते. हे मोजण्याचे साधन म्हणजे हायड्रोमीटर. दूध तपासायच्या दुग्धमापकाचे आणि याचे तत्त्व एकच, आर्किमिडीजचे.

किती ओझे, किती वीज?

आता थोडे गणित करू. गाडी, चालक आणि मागे जोडलेली भरलेली ट्रॉली मिळून १००० किलोग्रॅम वस्तुमान धरा. वेग ताशी ९ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २.५ मीटर. गुळगुळीत सपाट फरशीवर चाकांचे लोटण-घर्षण वजनाच्या सुमारे २ टक्के धरले, तर

लागणारे बल = ०.०२ × १००० × ९.८ = १९६ न्यूटन
शक्ती = १९६ × २.५ = ४९० वॅट

मोटर आणि दंतचक्रे मिळून कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बॅटरीला ७०० वॅट द्यावे लागतील. ७०० ला २४ ने भागा. प्रवाह सुमारे २९ अँपिअर.

आता हीच गाडी चढावर घ्या. २० मीटर अंतरात १ मीटर चढ, म्हणजे डोळ्यांना फारसा जाणवतही नाही असा. पण येथे वजनाचा विसावा भाग, म्हणजे ४९० न्यूटन, जास्तीचे बल लागते. एकूण ६८६ न्यूटन. तोच वेग राखायचा तर प्रवाह सुमारे १०२ अँपिअर होतो. म्हणजे साडेतीन पट!

बॅटरीची धारकता २०० अँपिअर-तास असेल, तर त्यातील ८० टक्केच वापरावी असा नियम आहे. १६० ला २९ ने भागले, तर सपाट जागी सुमारे साडेपाच तास सलग धाव मिळते. माल चढवण्या-उतरवण्यात गाडी उभीच असते, म्हणून तेवढ्यात एक पाळी निघते. चढ वारंवार लागला किंवा चाकाला सुताचे धागे गुंडाळले गेले, तर हा हिशेब पार कोसळतो. म्हणून चाकांतील धागे काढणे हे झाडलोटीचे काम समजू नका. ते वीज वाचवण्याचे काम आहे.

थांबणे हे चालवण्याहून अवघड

गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेग². वरील उदाहरणात ती ३१२५ जूल येते. वेग निम्मा केला तर ती चौथाईवर, ७८१ जूलवर येते.

समोर कोणी आले हे दिसून ब्रेक लागेपर्यंत १ सेकंद जातो असे धरा. तेवढ्यात गाडी २.५ मीटर पुढे गेलेली असते. पुढे ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला १.२५ मीटर प्रतिसेकंद इतका घटत असेल, तर आणखी २.५ मीटर लागतात. एकूण ५ मीटर. निम्म्या वेगाला हेच अंतर दोन मीटरपेक्षाही कमी आहे. दोन मागांच्या रांगांमधून एखादा कामगार अचानक बाहेर येतो तेव्हा हा तीन मीटरचा फरक म्हणजे त्याचा पाय वाचणे किंवा न वाचणे.

वळणाचेही तसेच. २ मीटर त्रिज्येच्या वळणावर २.५ मीटर वेगाने गेले, तर अभिकेंद्री त्वरण ३.१ मीटर प्रतिसेकंद वर्ग होते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ एकतृतीयांश. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य कमरेच्या आसपास असतो, म्हणजे बसलेल्या चालकापेक्षा बराच वर. त्यामुळे तो बाहेर फेकला जाण्याची भीती अधिक. तीनचाकी गाडी तर त्रिकोणावर उभी असते. गुरुत्वमध्यातून काढलेली बलाची रेषा त्या त्रिकोणाबाहेर गेली की गाडी कलंडलीच. म्हणून वळणाआधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. चढउतारावर सरळ जावे, आडवे कधीही वळू नये.

अशा पुष्कळ गाड्यांत पायाखाली एक पेडल असते. त्यावर पाय असेपर्यंतच गाडी चालते. चालक घसरला, चक्कर येऊन पडला किंवा उतरला, तर पाय उचलताच मोटरचा प्रवाह तुटतो आणि ब्रेक लागतो. काही चालक कंटाळून त्या पेडलवर वीट किंवा लाकडाचा ठोकळा ठेवतात. मित्रहो, ही क्लृप्ती नव्हे, आपल्याच रक्षकाला बांधून ठेवणे आहे. दोन्ही पाय फळीच्या आत, दोन्ही हात दांड्यावर, सुरू करण्यापूर्वी ब्रेक व भोंगा तपासणे आणि सोडून जाताना किल्ली काढून घेणे, एवढे नियम तरी पाठ हवेत.

प्रभारणाची खोली

घट भरत आला की पुढची वीज पाण्याचे विघटन करू लागते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. प्रत्येक घटात १ अँपिअर-तास जादा विजेमागे सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. १२ घटांत २० अँपिअर-तास जादा गेले, तर १०० लिटर! हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगी पुरते. १०० लिटर वायू अडीच घनमीटर हवा स्फोटक करू शकतो. हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे १४ पट हलका असल्याने तो छताशी साचतो. म्हणून अशा खोलीला वर झरोका हवाच. आत विडी-काडी नको. प्रभारक आधी बंद करावा, मगच जोड काढावा, म्हणजे ठिणगी उडणार नाही. हातातील अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहून तो लाल होतो. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे असावेत. आम्ल अंगावर उडालेच, तर निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर धुऊन तडक डॉक्टरांकडे जावे.

विघटनामुळे पाणी कमी होते, आम्ल मात्र आतच राहते. म्हणून भर घालायची ती केवळ ऊर्ध्वपातित पाण्याची, आम्लाची नव्हे. आपल्या भागातील बोअरचे पाणी दुष्फेन असते, त्यातील क्षार पट्ट्यांना बाधतात. पाणी प्रभारणानंतर घालावे, कारण प्रभारण चालू असताना द्रावण फुगते आणि आधीच काठोकाठ भरले असेल तर आम्ल बाहेर सांडते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील, तर मात्र त्या बुडतील इतकेच पाणी आधी घालावे. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पाण्याची पाहणी अधिक वेळा करावी. उष्णतेने बॅटरीचे आयुष्यही घटते. चालून तापलेली बॅटरी थोडी निवल्यावरच प्रभारणास लावावी. मात्र रिकामी बॅटरी दिवसेंदिवस तशीच ठेवू नये. लेड सल्फेटचे स्फटिक कठीण होतात आणि मग ते परत विरघळत नाहीत.

अलीकडे काही गाड्यांत लिथियमच्या बॅटऱ्या येतात. त्यांत पाणी घालावे लागत नाही. पण त्यांचा प्रभारक निराळा असतो. शिसे-आम्ल बॅटरीचा प्रभारक त्यांना लावणे धोक्याचे आहे.

कोडे सुटले

आता अण्णांच्या गाडीकडे वळू. आम्ही बाराही घटांची झाकणे उघडली. दहा घटांत पाणी ठीक होते. दांड्याखालच्या कोपऱ्यातील दोन घटांत मात्र पट्ट्या कोरड्या होत्या.

"अण्णा, या दोघांत पाणी घालत नाही का?" मी विचारले.

"सर, तिथं नरसाळं जातच नाही की," अण्णा म्हणाले. "आम्हाला वाटलं, बाकीच्यात आहे तेवढं पुरे."

त्या दोन घटांत पट्ट्या बुडेपर्यंत पाणी घातले, रात्रभर पूर्ण प्रभारण केले, मग पातळी सारखी केली. दुसऱ्या दिवशी हायड्रोमीटर लावला. दहा घटांचे विशिष्ट गुरुत्व १.२६० ते १.२७०, त्या दोघांचे १.१७०. अर्धा तास गाडी चालवून विद्युतदाब मोजला. दहा घट २ व्होल्टच्या जवळ, ते दोन दीड व्होल्टच्याही खाली.

एकसरीत प्रत्येक घटातून तोच प्रवाह वाहतो. एक घट दमला की तो नुसता मदत करायचा थांबत नाही, बाकीच्यांना अडथळा होऊन बसतो. सारी बॅटरी गेली नव्हती, फक्त दोन घट गेले होते. ते दोन घट बदलले. खर्च नव्या बॅटरीच्या मानाने थोडा आला. माझ्या विद्यार्थ्याने नरसाळ्याला हातभर रबरी नळी जोडली आणि भिंतीवर एक वही टांगली. दर आठवड्याला बाराही घटांचे आकडे अण्णा स्वतः लिहितात. जुन्या दहांबरोबर नवे दोन, ही जोडी आदर्श नव्हे, हे मी मालकांना सांगितले. तरी गाडी पुन्हा पाळीभर चालू लागली आणि हातगाडी कोपऱ्यातच राहिली.

करून पाहा

१. तीन सेलांच्या विजेरीत आधी तिन्ही नवे सेल घाला, मग एक नवा काढून त्या जागी जुना, दमलेला सेल घाला. प्रकाशात काय फरक पडतो? दोन नव्या सेलांचे बळ कोठे गेले? (मोटारीच्या किंवा स्कूटरच्या बॅटरीवर असे प्रयोग करू नका.)

२. मोकळ्या मैदानावर खडूने रेघ मारा. सायकल हळू आणि मग साधारण दुप्पट वेगाने आणून रेघेवर सारखाच ब्रेक लावा. दोन्ही अंतरे पावलांनी मोजा. दुसरे अंतर पहिल्याच्या किती पट आले?

३. वरील गणितात चढ २० मीटरला १ ऐवजी १० मीटरला १ धरला, तर प्रवाह किती होईल? असा उतार बांधायचा की लांब पण सौम्य उतार बांधायचा, हे कारखान्याच्या मालकाला कसे पटवाल?