ऐकत नाही

पहिलीच्या दिवाळी सुट्टीपर्यंत माझ्या मुलाच्या डायरीत लाल शाईचे एकोणीस शेरे जमले होते. 'ऐकत नाही.' 'शेजारच्या मुलाला ढकललं.' 'वर्गात ओरडतो.' 'फळ्यावरचं लिहितो, सांगितलेलं लिहीत नाही.' प्रत्येक शेऱ्याखाली मी सही केली आणि बहुतेक वेळा त्याला धपाटाही घातला. हे लिहिताना आजही पोटात कालवतं. पण आधी तेच सांगायला हवं, कारण त्या एकोणीस शेऱ्यांत पहिलाच सर्वांत खरा होता आणि तो आम्ही कुणीच नीट वाचला नाही.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. १६० चौरस फुटांची खोली, बाहेर लांब पॅसेज, दोन्ही हातांना शेजाऱ्यांची दारं. तिथे कुणी कुणाला हळू हाक मारत नाही. टीव्ही मोठा, कुकरच्या शिट्ट्या मोठ्या, सणाला जांबोरी मैदानातला स्पीकर थेट खोलीत. अशा घरात एखादं पोर मोठ्याने बोलतं, टीव्हीला नाक लावून बसतं, तिसऱ्या हाकेला वळतं, यात कुणाला काय वेगळं वाटणार? सासूबाई म्हणायच्या, "बापावर गेलाय, आपल्याच तंद्रीत असतो." त्याला बारा महिने सर्दी असायची, रात्री तो घोरायचा, तोंड उघडं टाकून झोपायचा. मी वाफ द्यायचे, छातीला बाम चोळायचे आणि विषय संपायचा.

शाळेने बोलावलं तेव्हा आम्ही दोघं भांडायच्या तयारीनेच गेलो. "पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा," असं ऐकून परतलो. त्यानंतरचे चार महिने मी वाया घालवले. दृष्ट काढली, ट्यूशन बदलली. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी स्वतःच ठरवलं की हा हायपरॲक्टिव्ह आहे. नात्यातल्या एकाने तर बोर्डिंगचं नाव काढलं. पोराला काय होतंय, हे मात्र कुणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

विचारलं ते दोन खोल्या सोडून राहणाऱ्या, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी. डायरी चाळून त्या म्हणाल्या, "हे शेरे म्हणजे निकाल झाला गं. घडलं काय ते कुठे लिहिलंय? कुठल्या तासाला, तो बसला कुठे होता, त्याच्या आधी काय झालं होतं?" त्यांच्या सांगण्यावरून मी वर्गशिक्षिकेला चिठ्ठी दिली. तक्रारीचा एक शब्द नाही, फक्त विनंती: दोन आठवडे एवढंच टिपून द्याल का? पन्नासच्या वर मुलं सांभाळणाऱ्या त्या मुलीने खरंच टिपून दिलं. तिच्याबद्दल मनात धरलेल्या रागाची मला लाज वाटली.

कागद समोर ठेवल्यावर गोष्ट दिसू लागली. चित्रकलेच्या तासाला एकही तक्रार नव्हती. शुद्धलेखन, मैदान, प्रार्थनेचा हॉल इथे रोज काहीतरी. जागा मागच्या बाकावर, पंख्याखाली. ढकलाढकली व्हायची ती कुणी मागून येऊन हात लावला की. बाई म्हणाल्या, "आधी कान दाखव."

परळला केईएम आणि लहान मुलांचं वाडिया, मुंबई सेंट्रलला नायर. वरळीकरांना यातलं काहीच लांब नाही. केसपेपर काढा, कान-नाक-घशाच्या ओपीडीत बसा, सकाळ जाते. ऑडिओमेट्रीत किती ऐकू येतं ते कळतं, टिंपॅनोमेट्रीत पडद्यामागे पाणी आहे का ते. माझ्या मुलाच्या दोन्ही कानांत ते होतं. नाकामागची ॲडेनॉइड ग्रंथी सुजलेली. हे पाणी दुखत नाही, म्हणून मूल सांगत नाही. ऐकणं कधी बरं, कधी कमी होतं, म्हणून मोठ्यांना वाटतं, हवं तेव्हा बरं ऐकू येतं याला! पुष्कळदा ते आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर सहसा तीन महिने वाट बघतात. आमचं ओसरलं नाही. ग्रंथी काढली, पडद्यात बारीक नळ्या बसवल्या. घरी आल्यावर त्याने विचारलं, "आई, पंखा आधीपासून वाजतो?"

पण प्रत्येक मुलाचं दुखणं कानात नसतं. कुणाला दिसत नाही, कुणाची झोप होत नाही, कुणाला अक्षरं जुळत नाहीत, कुणी स्वमग्न असतं, कुणी कशाला तरी घाबरलेलं असतं. म्हणून कान-डोळे तपासून मग बालविकासतज्ज्ञाकडे जा. एडीएचडीचं निदान दहा मिनिटांत होत नाही. लक्षणं किमान सहा महिने आणि घर-शाळा अशा दोन ठिकाणी दिसावी लागतात. सहा वर्षांखालच्या मुलांत सुरुवात गोळीने नव्हे, आईबापांच्या प्रशिक्षणाने करतात.

शाळेशी बोलताना आवाज चढवू नका, पण कायदा माहीत असू द्या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६नुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ने मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलेत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने यातून बाहेर आहेत. मी डॉक्टरांचा कागद जोडून तीनच गोष्टी मागितल्या आणि पोच घेतली: पुढचा बाक, सूचना त्याच्याकडे तोंड करून, डायरीत शेऱ्याऐवजी घटना. दुसऱ्या शाळेचा विषय पुन्हा निघाला नाही.

कान सुधारले म्हणून सगळं मिटलं नाही. दोन वर्षांत लागलेली ढकलायची सवय जायला महिने गेले, आणि वर्गात पडलेलं नाव अजून पुसलेलं नाही. काही आया वाढदिवसाला त्याला बोलवत नाहीत. एका रात्री त्याने विचारलं, "मला ऐकू येत नव्हतं, तर तू मारलंस का?" मी म्हणाले, "माझं चुकलं, बाळा." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हळू बोल, आजी झोपलीय."