अंडाशयातली गाठ: आधी प्रकार विचारा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'सिंपल सिस्ट, ४ सेंमी' एवढीच ओळ असते. घरात मात्र 'गाठ निघाली' म्हणून रडारड सुरू होते. गाठ केवढी आहे हे सगळ्याच विचारतात. ती कोणत्या प्रकारची आहे, हे फार थोड्या विचारतात, आणि उपचार मुख्यतः त्यावरच ठरतो.

पाळी चालू असते त्या वयात अंडाशयात दर महिन्याला एक द्रवाने भरलेला बीजकोश वाढतो, फुटतो, त्यातून बीज बाहेर पडते. कधी तो फुटतच नाही, कधी फुटल्यावर पुन्हा भरतो आणि सिस्ट म्हणून दिसतो. पातळ भिंतीच्या, आत नुसते पाणी असलेल्या अशा गाठी बहुधा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. ५ सेंमीपर्यंतच्या, त्रास न देणाऱ्या साध्या गाठीला सहसा काहीच करावे लागत नाही. ५ ते ७ सेंमीची असेल तर अधूनमधून सोनोग्राफी करून लक्ष ठेवतो. त्याहून मोठी असेल तर एमआरआय किंवा शस्त्रक्रियेचा विचार करतो. फेरतपासणी पाळी संपता संपता करून घ्या. नाहीतर त्या महिन्याचा नवा बीजकोश दिसतो आणि जीव पुन्हा टांगणीला लागतो.

"डॉक्टर, गोळ्यांनी विरघळणार नाही का?" संततिनियमनाच्या गोळ्यांनी असलेली गाठ लवकर जिरत नाही, हे अभ्यासांत दिसले आहे. नव्या गाठी होण्याचे प्रमाण तेवढे कमी होते. काढ्याने गाठ गेली असे कुणी सांगितले, तर ती बहुधा तशीही जाणारच होती. सुईने पाणी काढून घेतले तर गाठ पुन्हा भरण्याची शक्यता बरीच असते.

डरमॉइड गाठ मात्र वाट पाहून जात नाही. तिच्यात चरबी, केस, क्वचित दातही सापडतो. ती वाढत असेल किंवा दुखत असेल तर दुर्बिणीतून गाठ तेवढी सोलून काढतात, अंडाशय जागेवर राहते. चॉकलेट सिस्टमध्ये जुने, घट्ट झालेले रक्त साठते. तिथे डायनोजेस्टसारख्या गोळ्यांनी दुखणे कमी होते. शस्त्रक्रिया केली तर गाठीबरोबर काही चांगली बीजेही जातात. म्हणून मूल हवे असेल तर आधी एएमएचची, म्हणजे शिल्लक बीजांचा अंदाज देणारी, रक्ततपासणी करून घ्या आणि मगच सर्जनशी बोला. पीसीओडी हे प्रकरण वेगळे. त्यातले बारीक बीजकोश कापून काढायचे नसतात.

साध्या गाठीसाठी तरुण बाईला कुणी "पिशवीच काढून टाकू" म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय सही करू नका. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती.

पाळी कायमची गेल्यानंतर गाठ दिसली तर मी जास्त सावध होतो. त्या वयात सीए-१२५ ही रक्ततपासणी करतोच. तरुणपणी मात्र नुसत्या त्या आकड्यावरून कर्करोग ठरवू नका. पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिऑसिसमध्ये (चॉकलेट सिस्ट होते तो आजार), पोटाच्या टीबीतही तो वाढतो. गाठीत घट्ट भाग, पोटात पाणी, सतत पोट फुगणे, भूक मंदावणे यांपैकी काही असेल तर कोणत्याही वयात लगेच दाखवा.

आणि एका दुखण्यात अजिबात थांबू नका. ओटीपोटात एका बाजूला अचानक जबरदस्त कळ आली आणि उलट्या सुरू झाल्या, तर गाठीच्या वजनाने अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. वेळेत पीळ सोडवला तर निळेकाळे पडलेले अंडाशयही अनेकदा वाचते. शेकत, ओवा खात सकाळची वाट पाहू नका. जुना रिपोर्ट घेऊन ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि जाताना काही खाऊ-पिऊ नका, भूल द्यावी लागू शकते.