संस्थेचें दप्तर भाड्याच्या वखारींत: क्लाउडवरील डेटाबेस सेवांची तुलना

शेतकरी उत्पादक कंपन्या, खरेदी-विक्री संघ व लहानमोठ्या सहकारी संस्था यांचें दप्तर आतां वह्यांतून संगणकांत गेलें आहे. यापुढची पायरी, म्हणजे तें दप्तर कचेरींतील संगणकावर न ठेवितां एखाद्या मोठ्या कंपनीच्या संगणकगृहांत भाड्यानें ठेवणें, ही पुष्कळ संस्थांपुढें येऊन ठेपली आहे. प्रणाली करून देणारा कंत्राटदार संचालक मंडळापुढें तीन दरपत्रकें ठेवितो. एकावर ॲमेझॉनचें नांव, दुसऱ्यावर मायक्रोसॉफ्टचें, तिसऱ्यावर गूगलचें. आणि मंडळ बहुधा सर्वांत खालचा आंकडा पाहून सही करितें. बैल घेतांना आपण दांत पाहतों, खांदा पाहतों, औताला जुंपून पाहतों. सभासदांचे भाग, उचल व मालाचें देणें ज्यांत नोंदलें आहे त्या दप्तराच्या जागेची तितकी तरी पारख व्हावी, म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

डेटाबेस म्हणजे संगणकांतील खतावणी. १९७० सालीं आय.बी.एम. कंपनींतील एडगर कॉड यांनीं सर्व माहिती कोष्टकांच्या रूपानें ठेवून तीं कोष्टकें क्रमांकांनीं एकमेकांस जोडण्याची पद्धति मांडली. आजचे पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर हे सारे त्याच वंशांतले. एक्सेलच्या तक्त्यांत व यांत मुख्य भेद असा कीं, डेटाबेसांत व्यवहार एक तर पुरता होतो, नाहीं तर मुळींच होत नाहीं. सभासदास ५,००० रुपये उचल दिली, तर रोकड कमी होणें व ती रक्कम त्याच्या नांवें पडणें या दोन्ही नोंदी एकत्रच होतात. मध्येंच वीज गेली तर दोन्ही रद्द होतात. एक झाली व एक राहिली असें होत नाहीं. काट्यावरचा कारकून व कचेरींतला कारकून एकाच वेळीं लिहूं लागले तरी एकाचें लिहिणें दुसऱ्याच्या लिहिण्यावर पडत नाहीं.

आतां ही खतावणी स्वतः सांभाळणें आणि सांभाळण्याचें काम भाड्यानें देणें यांत अंतर काय? स्वतःच्या विहिरीवर पंप बसविला म्हणजे मोटर जळल्यास कारागीर आपणच शोधावा लागतो; पाटाचें पाणी घेतलें तर धरणाची व कालव्याची डागडुजी पाटबंधारे खातें करितें. परंतु कोणत्या पिकास केव्हां पाणी द्यावें हें तें खातें ठरवीत नाहीं, आणि बांध फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानांत गेलें तर त्याची जबाबदारीहि घेत नाहीं. व्यवस्थापित डेटाबेस सेवेचें असेंच आहे. यंत्र, चकत्या, डेटाबेसाच्या सुधारित आवृत्त्या व रोजची प्रत घेणें हें कंपनी करिते. आंत काय लिहिलें, कोणास वाचूं दिलें व चुकून काय पुसलें, हें आपल्या माथीं राहतें.

स्वतः सांभाळण्यांत धोका किती, याचें एक प्रसिद्ध उदाहरण देतों. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनींत एका अभियंत्यानें चुकीच्या यंत्रावर पुसण्याची आज्ञा दिली आणि चालू डेटाबेसांतील सुमारें ३०० गिगाबाइट माहिती गेली. प्रती ठेवण्याचे व जुळा डेटाबेस ठेवण्याचे मिळून पांच उपाय कंपनीनें योजिले होते. प्रसंगीं त्यांतला एकहि नीट चालत नसल्याचें उघडकीस आलें. रोजची प्रत घेणारा कार्यक्रम आवृत्तीच्या फरकामुळें कित्येक दिवस निष्फळ होत होता, व तशी सूचना देणारीं पत्रेंहि कोणास पोंचत नव्हतीं. सुमारें सहा तासांपूर्वीं वेगळ्याच कामासाठीं हातानें घेतलेली एक प्रत सांपडली म्हणून बहुतेक माहिती परत आली. मधल्या सहा तासांची गेली ती गेलीच. संगणक हाच ज्यांचा धंदा त्यांची ही स्थिति, तर एका कारकुनावर चालणाऱ्या संस्थेनें स्वतः सर्व्हर सांभाळण्याच्या भरीस पडूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

तिन्ही कंपन्यांपैकीं ॲमेझॉननें आर.डी.एस. ही सेवा २००९ सालीं काढिली, मायक्रोसॉफ्टनें २०१० सालीं आणि गूगलनें क्लाउड एसक्यूएल २०११ सालीं. तिघांचींहि संगणकगृहें भारतांत आहेत: मायक्रोसॉफ्टचीं पुणें, मुंबई व चेन्नई येथें २०१५ पासून, ॲमेझॉनचें मुंबईस २०१६ पासून व हैदराबादेस २०२२ पासून, गूगलचें मुंबईस २०१७ पासून व दिल्लीस २०२१ पासून. स्वस्त पडतें म्हणून कंत्राटदार अमेरिकेंतील संगणकगृह सुचवील, तर तें घेऊं नये. प्रत्येक नोंदीस समुद्रापलीकडे जाऊन यावें लागतें व पावती निघण्यास विलंब होतो.

गुणांत तिघांत फार तफावत नाहीं. आर.डी.एस.मध्यें पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, मारियाडीबी, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर व डीबी२ हे सारे मिळतात. क्लाउड एसक्यूएलमध्यें पोस्टग्रेस, मायएसक्यूएल व एसक्यूएल सर्व्हर. मायक्रोसॉफ्टची ॲझ्युअर एसक्यूएल ही तिच्या स्वतःच्या डेटाबेसाची सेवा असून पोस्टग्रेस व मायएसक्यूएल यांसाठीं तिच्या निराळ्या सेवा आहेत. ॲमेझॉनची ऑरोरा ही सेवा माहितीच्या सहा प्रती तीन निरनिराळ्या जागीं ठेविते. बँकेस किंवा मोठ्या कारखान्यास ती शोभेल, आपणांस तिची गरज नाहीं. डायनॅमोडीबी, मोंगोडीबी ॲटलस वगैरे सेवांचा डौल मोठा आहे, पण खतावणीच्या कामास कोष्टकांचा डेटाबेसच बरा.

खरा फरक भाड्याच्या आकारणींत व सुटून जाण्याच्या सोयींत आहे. आधीं आपली गरज मोजूं. समजा, २,००० सभासद आहेत व प्रत्येकाच्या वर्षांत ६० नोंदी होतात. म्हणजे १,२०,००० ओळी. एका ओळीस ५०० बाइट धरले तर वर्षाचे ६ कोटि बाइट, म्हणजे ६० मेगाबाइट. दहा वर्षांतहि एक गिगाबाइट भरत नाहीं. सूचीसाठीं तिप्पट धरा, तरी क्लाउड एसक्यूएलची किमान १० गिगाबाइट किंवा आर.डी.एस.ची किमान २० गिगाबाइट जागा अनेक वर्षें पुरेल. असें असतां २०० गिगाबाइटचें दरपत्रक पुढें आलें, तर कंत्राटदारास कारण विचारावें. घेतलेली जागा मागाहून वाढवितां येते, कमी करणें मात्र सोपें नाहीं. म्हणून लहानापासूनच आरंभ करावा. सातबाऱ्याच्या व पावत्यांच्या छायाप्रती डेटाबेसांत कोंबूं नयेत; त्यांसाठीं वेगळी स्वस्त साठवण मिळते.

आपला धंदा हंगामी. द्राक्षाच्या संस्थेचें काम जानेवारी ते एप्रिल दाटतें, पुढें कित्येक महिने दिवसाकांठीं दहा नोंदीहि होत नाहींत. यंत्राचें भाडें तासाप्रमाणें असल्यामुळें बिगरहंगामांत यंत्र बंद ठेवावेंसें वाटतें, पण तेथें एक खोंच आहे: आर.डी.एस.चें यंत्र थांबविलें तर सात दिवसांनीं तें आपोआप पुन्हां चालू होतें व भाडेंहि चालू होतें. शिवाय यंत्र बंद असलें तरी साठवणीचें भाडें द्यावेंच लागतें. क्लाउड एसक्यूएलमध्यें यंत्र थांबविलें तरीहि साठवण आकारली जाते. ॲझ्युअर एसक्यूएलच्या एका प्रकारांत काम नसतां यंत्र आपोआप झोंपतें व पहिली मागणी येतांच जागें होतें. त्या पहिल्या मागणीस थोडा वेळ थांबावें लागतें इतकेंच. ऑरोराच्या तशाच प्रकारांतहि नोव्हेंबर २०२४ पासून शून्यापर्यंत उतरण्याची सोय झाली आहे. हंगामी कामाच्या संस्थेनें या दृष्टीनें दरपत्रकें नव्यानें मागवावींत, व त्यांत यंत्र, साठवण, प्रती, बाहेर जाणारी माहिती आणि वस्तु-सेवा कर हे आंकडे निरनिराळे लिहून घ्यावेत.

दुसऱ्या इमारतींत जुळा डेटाबेस सज्ज ठेवण्याची सोयहि मिळते. आर.डी.एस.मध्यें मुख्य यंत्र बंद पडल्यास साधारणपणें एक ते दोन मिनिटांत जुळें यंत्र काम हातीं घेतें. खर्च मात्र जवळजवळ दुप्पट. ऐन हंगामांत ती सोय घेऊन नंतर काढून टाकितां येते. परंतु जुळें यंत्र म्हणजे प्रत नव्हे, हें पक्कें ध्यानांत असूं द्यावें. कारकुनानें चुकून हजार सभासद पुसले तर तेच हजार जुळ्यांतूनहि त्याच क्षणीं पुसले जातात. अशा वेळीं मागील एखाद्या क्षणापर्यंत परत जाण्याची जी सोय आहे तीच कामीं येते. आर.डी.एस. व ॲझ्युअर एसक्यूएल यांत ती ३५ दिवसांपर्यंत ठेवितां येते. सात दिवसांवर भागवूं नये. उचलीच्या नोंदींतील चूक महिनाअखेरच्या मेळाशिवाय दिसत नाहीं. आर.डी.एस.चा डेटाबेसच काढून टाकिला तर, वेगळें सांगून ठेविलें नसल्यास, आपोआप घेतलेल्या प्रतीहि त्याबरोबर जातात. हातानें घेतलेल्या तेवढ्या राहतात.

कंपनीच्याच हातून चूक झाली तर? मे २०२४ मध्यें ऑस्ट्रेलियांतील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचें गूगल क्लाउडवरील सारें खासगी संगणकगृह गूगलच्याच एका मांडणींतील चुकीमुळें पुसलें गेलें. सहा लाखांहून अधिक सभासद आठवडाभर आपलें खातें पाहूं शकले नाहींत. ही डेटाबेसाची सेवा नव्हती, पण धडा आपणांसहि लागू आहे. निधीनें वेगळ्या प्रती ठेविल्या होत्या म्हणूनच दप्तर परत उभें राहिलें. यास्तव आठवड्यास एक प्रत कंपनीबाहेर, संस्थेच्या कचेरींत कुलुपांत असावी. आपल्या ६० मेगाबाइटच्या दप्तरास एक पेनड्राइव्ह पुरतो.

याहून मोठा धोका घरचाच आहे. अनेक ठिकाणीं क्लाउडवरचें खातें कंत्राटदाराच्या ईमेलवर व त्याच्याच कार्डावर उघडलेलें असतें. पुढें पैशावरून बिनसलें, अथवा तो गांव सोडून गेला, म्हणजे सभासदांचें दप्तर त्याच्या हातीं अडकतें. कुळाच्या नांवें विहीर खोदल्यासारखें होतें. खातें संस्थेच्या नांवें, संस्थेच्या ईमेलवर व संस्थेच्या बँक खात्यावरूनच उघडावें. मुख्य परवलीचा शब्द अध्यक्ष व सचिव यांजकडे मोहोरबंद राहावा, कंत्राटदारास कामापुरती परवानगी द्यावी व तसा ठराव इतिवृत्तांत लिहावा. सभासदांचे आधार क्रमांक व बँक खातीं यांत असल्यामुळें २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणें जबाबदारी संस्थेचीच राहते. डेटाबेसाचें दार साऱ्या जगास उघडें ठेवूं नये.

निवड करितांना आमचा कल पोस्टग्रेसकडे आहे. तो फुकट, खुला व तिघांकडेहि मिळणारा असल्यामुळें एका वखारींतून दुसरीकडे दप्तर हलविणें सोपें जातें. पूर्वीं माहिती बाहेर नेण्यास दंडासारखा आकार पडे. २०२४ पासून तिन्ही कंपन्यांनीं कायमचें सोडून जाणाऱ्यास तो, अर्ज केल्यास, माफ करण्याचें धोरण ठेविलें आहे.

एक गोष्ट राहिली. गांवांत इंटरनेट जातें, तेव्हां काटा थांबतां कामा नये. काट्याजवळच्या संगणकानें पावती फाडून नोंद स्वतःजवळ ठेवावी व तार जुळतांच वर पाठवावी, अशी अट कंत्राटांत घालावी. करारावर सही करण्यापूर्वीं ती अट इंटरनेटची तार काढून तपासावी, आणि त्याच बैठकींत जुन्या प्रतीवरून एका सभासदाचा खातेउतारा नवीन यंत्रावर काढून दाखविण्यास सांगावें.