कंपनीची फाइल, खासगी खातं

मी चाकणच्या एका कारखान्यात आयटी सांभाळतो. कोणी न विचारता बाहेरचं ॲप वापरलं की लोक त्याला बेशिस्त ठरवतात. माझा अनुभव वेगळा आहे. अशी वाट बहुतेकदा कामाची तळमळ असलेला माणूसच शोधतो.

आमच्या डिस्पॅचमधल्या एका सहकाऱ्यांचंच बघा. कोणत्या गाडीत काय माल गेला, चलन नंबर काय, पोच मिळाली का, याची एक्सेल रोज मेलवर फिरायची. ताजी कोणती, हे कुणालाच कळायचं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच्या जीमेलवर गूगल शीट बनवून सगळ्यांना लिंक दिली. काम सुरळीत झालं. पुढे त्यांनी नोकरी बदलली. लॅपटॉप, आयकार्ड जमा झालं, कंपनीचा मेल बंद झाला. शीट मात्र चालूच राहिली.

गूगलच्या मोफत खात्यात मेल, फोटो, फाइली मिळून 15 जीबी जागा असते. ती भरत आली म्हणून त्यांनी जुन्या फाइली डिलीट केल्या. डिलीट केलेली फाइल 30 दिवस 'बिन'मध्ये राहते आणि तोवर इतरांना उघडता येते, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. मग एके सकाळी लिंक उघडेना. सही-शिक्क्यांच्या चलनांचे गठ्ठे सोडून एकेक नोंद पुन्हा चढवावी लागली.

म्हणून सांगतो, कामाच्या प्रत्येक गूगल फाइलच्या शेअरच्या चौकटीत 'ओनर' म्हणून कुणाचा पत्ता आहे ते आजच बघा. तो खासगी असेल, तर फाइलची प्रत कंपनीच्या खात्यात काढा आणि पुढचं काम तिच्यावरच करा. लिंक सरसकट सगळ्यांना खुली ठेवू नका; नावानिशी परवानगी द्या. ग्राहकांचे किंवा कामगारांचे नंबर, आधार बाहेरच्या ॲपमध्ये नकोतच. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हयगयीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. एआयच्या बाबतीतही हेच. सॅमसंगच्या इंजिनिअरांनी चॅटजीपीटीत कंपनीचा कोड टाकल्याचं 2023 मध्ये उघड झालं, आणि कंपनीला अशा साधनांवर बंदी आणावी लागली.

आयटीवाल्यांना आणि साहेबांनाही सांगणं आहे. नुसती बंदी घातली की वापर थांबत नाही, लपतो. कोण काय वापरतंय ते विचारा, आणि खरं सांगणाऱ्यावर कारवाई करू नका. मागणी आली की ती आठवडेच्या आठवडे पडून राहू देऊ नका. 'हो' म्हणा, नाहीतर पर्याय द्या.

आणि तुम्हाला एखादं ॲप खरंच कामाचं वाटत असेल, तर कंपनीची माहिती त्यात भरण्याआधी ते आयटीला दाखवा. नकार आला तर पर्याय मागा, आणि तो मिळेपर्यंत पिच्छा सोडू नका.