सगळंच उन्हाचं नसतं

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा घाम, धडधड, उडालेली झोप यांची वेगळी दखल कोण घेतो? माझ्या छातीत धडधडायचं, कूलरसमोर झोपूनही अंग भिजायचं. ‘‘ऊन लागलं हो तुला,’’ सासूबाई म्हणाल्या. कैरीचं पन्हं, सब्जा, गुलकंद सगळं झालं. दवाखान्यातून ओआरएसची पाकिटं मिळाली. जेवण वाढलं असूनही वजन उतरत होतं. तेही उन्हाच्याच खाती जमा झालं.

मृगाचा पाऊस पडला. घरात सगळ्यांनी चादरी काढल्या, मला मात्र पंखा पाचवरच लागायचा. सुईत दोरा ओवेना, तेव्हा लेक मला फिजिशियनकडे घेऊन गेली. त्यांनी दोन्ही हात समोर ताठ धरायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद सारखा थरथरत होता. रक्ताच्या रिपोर्टमध्ये टीएसएच जवळजवळ शून्य, टी-फोर हे थायरॉइडचं हार्मोन बरंच वाढलेलं. पुढच्या तपासण्यांत ग्रेव्हज आजार ठरला.

या आजारात आपल्याच शरीरातली प्रतिपिंडं थायरॉइडला सतत चेतवत राहतात. हार्मोन वाढलं की शरीरात उष्णताही जास्त तयार होते, त्यामुळे उन्हाळा सोसवत नाही. काही देशांतल्या अभ्यासांत याचं निदान वसंत-उन्हाळ्यात जास्त झालेलं दिसलं, काही ठिकाणी ऋतूंचा फरक आढळला नाही. आपल्याकडची अडचण मला वेगळी वाटते. इथे ऊनच लक्षणं झाकून टाकतं.

म्हणून सांगते, सकाळी अंथरुणातून उठण्याआधी पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. ती रोजच नव्वद-शंभरच्या पुढे जात असेल, भूक असून वजन घटत असेल, हात थरथरत असतील, शौचाला वारंवार जावं लागत असेल, पाळीत अंगावरून कमी जात असेल किंवा डोळे पुढे आल्यासारखे वाटत असतील, तर पाऊस पडायची वाट पाहू नका. टीएसएच तपासा, उपाशीपोटी जायचीही गरज नसते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, त्यांनी रिपोर्ट चुकू शकतो. म्हाताऱ्या माणसांकडे जास्त लक्ष द्या. त्यांच्यात कधी कधी नुसता अशक्तपणा आणि अनियमित नाडी एवढंच दिसतं.

या आजारावरचं कार्बिमाझोल हे औषध सुरू असताना ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि सीबीसी करा. या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम घटल्या तर जिवावर बेतू शकतं. आणि थंडी पडली, बरं वाटू लागलं, म्हणून औषध आपल्या मनाने सोडू नका. डोस रिपोर्ट पाहून ठरतो, हवा पाहून नाही.