घरातील बालकाची खुरटलेली वाढ वेळीच ओळखा

सोयाबीनच्या चार ओळी खुरटल्या तर बांधावरून जाणाऱ्यालाही त्या दिसतात, कारण शेजारच्या ओळी गुडघ्याला लागलेल्या असतात. परंतु सगळे शेतच सारखे खुजे राहिले, तर 'या वाणाची उंचीच एवढी' म्हणून आपण गप्प बसतो. शेतकरी बंधू-भगिनींनो, मुलांच्या बाबतीत नेमके हेच घडते.

माझी पुतणी साडेतीन वर्षांची असताना तिची उंची ८८ सें.मी. होती. या वयाला मुलीची सरासरी उंची ९९ सें.मी.च्या आसपास असते. 'आपल्याकडे सगळे बुटकेच' असे घरची मंडळी म्हणत. मी कृषिविद्या शिकवतो, रोपांची उंची दर पंधरवड्याला नोंदवतो. पण पोरीला टेप लावण्याचे मलाही सुचले नाही. अंगणवाडीताईंनी वाढीचा तक्ता दाखविला, तेव्हा वजनाची रेषा सहा महिने आडवी होती. तपासणीत रक्तक्षय व जंत आढळले.

रेषा आडवी होणे ही पहिली खूण. मूल हसते-खेळते म्हणून ती सोडून देऊ नये. साधारणपणे जन्माचे वजन वर्षात तिप्पट होते. दोन ते पाच वर्षांत दरवर्षी सुमारे २ किलो वजन व ६ ते ७ सें.मी. उंची वाढावयास हवी. दोन वर्षांनंतर मुलाला अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उभे करावे व दर सहा महिन्यांनी भिंतीवर तारखेसह खूण करावी. सहा महिने ते पाच वर्षे वयात दंडाचा घेर १२.५ सें.मी.पेक्षा कमी भरल्यास कुपोषण समजावे, ११.५ च्या खाली असल्यास तीव्र. दोन्ही पायांवर अंगठा दाबून खड्डा राहिला तर ती सूज होय. अशा वेळी वजन फसवे असते; मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

हालचालींकडेही लक्ष असू द्यावे. नऊ महिन्यांचे मूल आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचे चालत नसेल किंवा येत असलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. 'मुलगे उशिराच चालतात' हे ऐकून थांबू नये. मनाने टॉनिक तर मुळीच देऊ नये. माती परीक्षणाशिवाय खत टाकण्यासारखेच ते आहे.

पेरणी-काढणीच्या धांदलीत अंगणवाडीतील वजनाचा दिवस हमखास चुकतो. आई शेतात असेल तर आजोबांनी मुलाला घेऊन जावे, आणि येताना तक्त्यावरचा नवा ठिपका वर गेला की नाही हे विचारून यावे.