पॉम्पेईला जाण्याआधी भोकरदन

आता जालन्यातूनही लोक युरोपला जातात. बियाण्यांच्या नाहीतर सळईच्या धंद्यात बरे दिवस आलेली कुटुंबे, परदेशात नोकरीला असलेल्या मुलांकडे निघालेले आईवडील, निवृत्तीनंतर एकदा जग पाहून घेऊ म्हणणारी जोडपी. बहुतेकांच्या हातात एकाच साच्याचा कार्यक्रम असतो. दहा-बारा दिवसांत पाच-सहा देश, आणि त्यात इटलीच्या वाट्याला रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस. दक्षिणेकडचा नेपल्सचा किनारा या कार्यक्रमात बसत नाही. बसलाच तर रोमहून बसने निघून पॉम्पेई अर्ध्या दिवसात उरकले जाते. परत आल्यावरची तक्रार ठरलेली असते: ऊन फार, चाल फार, आणि नुसत्या पडक्या भिंती. माझे म्हणणे असे की हा दोष पॉम्पेईचा नाही, आखणीचा आहे. हे गाव एका जागी पाहून संपत नाही, कारण त्याचे चार तुकडे नेपल्सच्या आखाताभोवती चार ठिकाणी आहेत. म्हणून कार्यक्रमातले एखादे मोठे शहर सरळ गाळावे आणि या आखाताला निदान चार दिवस द्यावेत. जालना जिल्ह्यातल्या माणसाने तर निघण्याआधी आणखी एक काम करावे. भोकरदन पाहून घ्यावे.

भोकरदनचा संबंध कसा, ते आधी सांगतो. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई राखेखाली गाडले गेले. तिथल्या एका घरात १९३८ साली आमेदेओ माइउरी या पुरातत्त्वज्ञाला हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम वीतभर, अंगावर दागिन्यांखेरीज काही नाही, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. जगभर ती ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून ओळखली जाते, पण अभ्यासक तिला यक्षी म्हणणे पसंत करतात. मूर्तीच्या मधून उभे छिद्र आहे. त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी असे मानतात. सुरुवातीला ती मथुरेची समजली गेली. पुढे नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. भोकरदनला मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशी पॉम्पेईच्या मूर्तीचे साम्य पाहून पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी ती भोकरदनच्या कारागिरांची असावी असे मत मांडले, आणि ते बरेच स्वीकारले गेले. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांतही या गावचे लोक आढळतात. सातवाहनांची राजधानी पैठण इथून फार लांब नाही.

इथे पहिला सावधगिरीचा इशारा द्यायला हवा, कारण अशी माहिती हाती आली की अभिमान फार लवकर पुढे धावतो. मूर्ती भोकरदनचीच, हे सिद्ध झालेले नाही. तिच्यावर खरोष्ठी लिपीतले एक अक्षर कोरलेले आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची, गांधाराकडची लिपी. हे अक्षर मूर्ती घडवतानाच कोरले, की माल हातोहात जाताना कोणी खूण केली, यावर एकमत नाही. मूर्तीचे नाते अफगाणिस्तानात बेग्रामला सापडलेल्या हस्तिदंतांशी जोडणारेही आहेत. तेव्हा नेपल्सच्या संग्रहालयात उभे राहून ‘ही आमच्या जिल्ह्यातली’ असे ठणकावून सांगू नये. ‘आमच्या जिल्ह्यातली असण्याची चांगली शक्यता आहे’ एवढेच म्हणावे. कोणी म्हणेल, मग एवढ्या लांब जाण्यात अर्थ काय? पण पाहण्याजोगी गोष्ट मालकी हक्काची नाहीच. मराठवाड्यातल्या एका कसबी गावाचा माल रोमन गृहस्थाच्या घरी पोहोचू शकत होता, असा बाजार खरोखर होता, हे पाहायचे आहे. त्याचा पुरावा या एका मूर्तीवर टांगलेला नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तशीच एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, ती तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. उलट दिशेने आलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात पाहता येते.

हा बाजार चालायचा कसा, हे कळले की नेपल्सच्या आखातात काय काय पाहायचे ते आपोआप ठरते. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जात असल्याची नोंद आहे, आणि भडोचहून निघणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंतही आहे. जहाजे मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात शिरत. तिथून माल उंटांवरून नाईल नदीपर्यंत, नदीतून अलेक्झांड्रियाला आणि पुन्हा जहाजाने इटलीत जाई. इटलीतले उतरण्याचे मोठे बंदर होते पुतेओली, म्हणजे आजचे पोत्सुओली, नेपल्सच्या पश्चिमेला लागून. अलेक्झांड्रियाची जहाजे दिसू लागली की तिथे धक्क्यावर कशी गर्दी उसळे, याचे वर्णन रोमन तत्त्वज्ञ सेनेकाच्या एका पत्रात आहे. भारत दर वर्षी रोमची ५ कोटी सेस्टर्स नाणी ओढून नेतो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने आपल्या ग्रंथात केली आहे. हाच प्लिनी याच आखातातल्या मिसेनमच्या आरमाराचा प्रमुख होता आणि ७९ च्या त्याच उद्रेकात स्ताबियाच्या किनाऱ्यावर मेला. म्हणजे माल उतरायचा ते बंदर, तो विकत घेणाऱ्यांचे गाव, त्या खर्चावर कुरकुर करणारा लेखक आणि सगळ्यावर पडदा टाकणारा ज्वालामुखी, हे सारे एकाच आखाताच्या काठी आहे. त्यातले एकटे पॉम्पेई पाहून काही कळत नाही, हा माझा मुख्य मुद्दा.

तो आणखी पक्का होतो ते संग्रहालयामुळे. पॉम्पेईचे खोदकाम १७४८ पासून चालू आहे, आणि सापडलेल्या चांगल्या वस्तू, भित्तिचित्रे, मोझेक नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात नेऊन ठेवले आहेत. अलेक्झांडर आणि दारियसच्या लढाईचे प्रसिद्ध मोझेक पॉम्पेईत ज्या घराच्या जमिनीवर दिसते, तिथे आता त्याची नक्कल आहे. अस्सल नेपल्सला. आपली यक्षीही पॉम्पेईत नाही, नेपल्सलाच आहे. म्हणून आधी संग्रहालय पाहावे आणि दुसऱ्या दिवशी पॉम्पेई. उलट क्रमाने गेले तर सामान हलवल्यावरचे घर पाहिल्यासारखे होते. संग्रहालय मंगळवारी बंद असते, तेव्हा वार पाहूनच हॉटेल ठरवावे. वस्तू अधूनमधून बाहेरच्या प्रदर्शनांना जातात, काही डागडुजीला असतात, म्हणून निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर खात्री करावी. आणि एक स्पष्ट सांगितलेले बरे. यक्षी ज्या ‘गुप्त दालनात’ मांडली आहे, तिथे बाकीच्या वस्तू उघड शृंगारिक आहेत. लहान मुलांना तिथे मोठ्यांशिवाय सोडत नाहीत. आजी-आजोबा आणि नातवंडे बरोबर असतील तर आत कोणी आणि कोणाबरोबर जायचे, हे दारात नव्हे, घरीच ठरवावे. संकोचाने हे दालन टाळून पुढे गेलेल्यांची यक्षी मात्र हमखास हुकते.

पॉम्पेई सुमारे ६६ हेक्टरवर पसरले आहे, त्यातले साधारण दोन तृतीयांश उकरले गेले आहे. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजारच लोक आत सोडतात आणि तिकिटावर नाव असते, म्हणून गर्दीच्या दिवसांत तिकीट आधी काढून ठेवावे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो. तो दिवस टाळावा, वाचलेले पैसे रांगेत जातात. नेपल्सहून सोरेंतोकडे जाणाऱ्या चिर्कुमवेसुवियाना या लोकल गाडीने थेट दारात उतरता येते. मात्र तिच्यात खिसेकापूंपासून जपावे. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. रस्ते ज्वालामुखीच्या खडकाच्या मोठ्या, खडबडीत फरशांचे आहेत, तिथे चपला चालत नाहीत. ‘आम्ही जालन्याचे, आम्हाला उन्हाचे काय’ हे बोलणे इथे उपयोगाचे नाही. आपण मे महिन्यात दुपारी बारा ते चार घराबाहेर पडत नाही, म्हणून ऊन सोसतो. पॉम्पेईत नेमक्या त्याच वेळी सावलीशिवाय चालावे लागते. दिवाळीची सुट्टी हवेच्या दृष्टीने बरी, पण १ नोव्हेंबरपासून वेळ संध्याकाळी ५ पर्यंतच असते आणि शेवटचा प्रवेश साडेतीनला. समुद्रकाठचे गाव म्हणून गेलेल्यांना समुद्र दिसत नाही, हेही आधी माहीत असावे. उद्रेकाने आणि नंतरच्या गाळाने किनारा गावापासून दूर सरकला.

तो किनारा पाहायचा तर त्याच लोकलने हर्क्युलेनियमला उतरावे. हे गाव लहान, पण जास्त खोल गाडलेले, त्यामुळे कोळसा झालेले लाकडी दरवाजे आणि माळे टिकले आहेत. त्या वेळच्या किनाऱ्यावरच्या कमानींत सुमारे ३०० माणसांचे सांगाडे मिळाले. समुद्रमार्गे सुटका होईल या आशेने ती तिथे जमली होती. चौथा दिवस पोत्सुओलीचा. नेपल्सच्या शहरी रेल्वेने तिथे जाता येते. तिथल्या रोमन बाजारपेठेचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत आणि त्यांवर बऱ्याच उंचीपर्यंत समुद्री शिंपल्यांनी पाडलेली भोके आहेत. जमीन समुद्रात खचली आणि पुन्हा वर आली, याचा तो पुरावा. ती हालचाल आजही चालू आहे. अलीकडच्या वर्षांत तिथे भूकंपाचे धक्के वाढले आहेत, तेव्हा जाण्याआधी स्थानिक सूचना पाहाव्यात आणि धोक्याची सूचना असेल तर हा दिवस संग्रहालयाला द्यावा.

यावर पहिला आक्षेप पैशांचा येतो. आयुष्यात एकदाच जायचे, व्हिसा आणि विमानाचा खर्च एकदाच, मग जास्तीत जास्त का पाहू नये? पण सहलीत विकत घेतलेली गोष्ट वेळ असते, आणि पाच देशांच्या कार्यक्रमात तिचा मोठा हिस्सा बसच्या खिडकीशी जातो. रोमहून नेपल्सला वेगवान रेल्वेने सव्वा तासाच्या आत पोहोचता येते. चार रात्री तिथे काढल्या तर रोज सामान बांधावे लागत नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि ज्या देशात सर्वात जास्त मुक्काम आहे त्या देशाच्या दूतावासाकडे तो करायचा असतो. कार्यक्रम आटोपशीर असला की कागदपत्रेही आटोपशीर होतात. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे, तो स्वस्तातला नव्हे तर नियम वाचून घ्यावा. दुसरा आक्षेप वयस्कर माणसांचा आणि शाकाहाराचा. गुडघेदुखीसाठी पॉम्पेईत अँफिथिएटरच्या बाजूने पायऱ्या टाळणारा तीन किलोमीटरहून लांब सपाट मार्ग केलेला आहे, आणि तो अर्धाच चालून परतायलाही हरकत नसते. गटातल्या सहलीत नेमकी हीच मोकळीक मिळत नाही. जेवणाचे म्हणाल तर नेपल्स शाकाहाऱ्याला कठीण नाही. मारिनारा पिझ्झ्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच असते. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्यांनी मात्र स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, हॉटेलवाल्याला समजावत बसू नये.

तिसरा आक्षेप सर्वात खरा वाटणारा. भोकरदनला पाहायचे काय? बोर्ड नाही, तिकीटखिडकी नाही, जुनी पांढर बरीचशी आजच्या वस्तीखाली. राजूरच्या गणपतीला जाणारे पुढे भोकरदनपर्यंत जातात ते तहसिलीच्या नाहीतर बाजाराच्या कामाला. हे सगळे खरे, आणि म्हणूनच ते आधी पाहावे. व्हेसुव्हियसने एका रात्रीत गाडल्यामुळे पॉम्पेई जसेच्या तसे उरले. भोकरदन कधी गाडले गेले नाही. तिथे लोक राहत गेले, घरावर घर बांधत गेले, म्हणून दाखवायला फारसे काही उरले नाही. उरलेले गाव आणि राहते गाव यांतला हा फरक केळना नदीकाठी उभे राहून एकदा लक्षात घेतला की पॉम्पेईच्या भिंतींकडून काय मागायचे ते कळते. ज्याला वेळ कमी आहे त्याने निदान तेरची मूर्ती पाहून घ्यावी, कारण नेपल्सच्या काचेपुढे तुलना करायला डोळ्यांत काहीतरी असावे लागते. आणि ज्याला चार दिवस काढणे खरोखरच शक्य नाही, त्याने पॉम्पेई गाळावे आणि एक दिवस नेपल्सच्या संग्रहालयाला द्यावा. अर्ध्या दिवसाच्या पॉम्पेईपेक्षा तो सौदा जालनेकराला परवडणारा आहे.